लाम्बा कथा : संहिता आणि उच्चार

मौखिक साहित्याची समीक्षा करताना आपण बहुधा छापील संहितेलाच कलाकृती मानतो. झांबियाच्या ताम्रपट्ट्यात व काँगोच्या लगतच्या भागात बोलल्या जाणाऱ्या लाम्बा या बांटू भाषेतील कथा या गृहीताची मर्यादा दाखवून देतात. १९१४ साली बाप्टिस्ट मिशनरी म्हणून तेथे गेलेल्या क्लेमंट डोक यांनी या समाजाच्या कथा, म्हणी व कोडी संकलित करून १९२७ साली प्रसिद्ध केली. मूळ पाठ इंग्रजी अनुवादासह दिल्याने हे संकलन मोलाचे ठरले. मात्र निवेदकाचे स्वर व हावभाव छपाईत उतरत नाहीत, हे स्वतः डोक यांनीच मान्य केले होते.

पुढे १९३५ साली बांटू व्याकरणाची परिभाषा सिद्ध करताना त्यांनी ‘आयडियोफोन’ या शब्दवर्गाची व्याख्या केली. आपल्या ‘धपकन’, ‘चटकन’सारखे हे शब्द ध्वनी, गती वा अवस्था साक्षात उभी करतात. अनुवादात त्यांचे निव्वळ क्रियाविशेषण होते. घटना घडत नाही, तिची वार्ता तेवढी उरते.

लाम्बाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. ताम्रपट्ट्यातील शहरांची संपर्कभाषा बेंबा झाली. झांबियाने अधिकृत मान्यता दिलेल्या सात प्रादेशिक भाषांत लाम्बा नाही. अशा भाषेच्या कथेचे प्रमाणरूप १९२७ च्या ग्रंथातच शोधणे म्हणजे आजच्या निवेदकाला त्याच्याच परंपरेत परका ठरवणे होय. ग्रंथ हा कथेचा साक्षीदार आहे. त्याला कथेचा धनी मानण्याची चूक समीक्षेने करू नये.