शेजारी कोण? मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील प्रीतिविचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा विषय निघाला की त्यांच्या मराठीच्या अभिमानाची वाखाणणी होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नाव निघाले की तुकोबांच्या ऋणाचा निर्देश होतो, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तील भाषेच्या साधेपणावर तर सर्वांचे एकमतच असते. हे सारे योग्य आहे. परंतु हे ग्रंथ ज्या शिकवणुकीतून निर्माण झाले, ती शिकवण मराठीत कितपत उतरली, हा प्रश्न टीकाकार सहसा विचारीत नाहीत. पत्राच्या अक्षराची वाहवा करावी आणि मजकूर न वाचताच ते घडी घालून ठेवावे, तसा हा प्रकार झाला. तो मजकूर वाचण्याचा येथे यथामति प्रयत्न करावयाचा आहे.

ती शिकवण थोडक्यात अशी: देवावर सर्वस्वाने प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी. या दोन्ही आज्ञा यहुदी धर्मशास्त्रात पूर्वीपासूनच होत्या; येशूने त्या एकत्र बांधल्या. योहानाच्या पहिल्या पत्रात ही गाठ अधिक घट्ट झाली आहे. दिसणाऱ्या बंधूवर ज्याची प्रीती नाही, त्याने न दिसणाऱ्या देवावरील प्रीतीची भाषा बोलू नये, असा त्याचा आशय. मूळ ग्रीक शब्द 'अगापे'. मराठी शास्त्रात त्यासाठी 'प्रीती' हा शब्द रूढ झाला, तर आमच्या गोव्यात ख्रिस्ती घरांतून 'मोग' म्हणतात. दोन्ही शब्द गोड आहेत, पण त्या गोडीतच अडचण आहे. प्रीती म्हटले की मनाचा ओढा आठवतो, आणि मनाचा ओढा आज्ञेने उत्पन्न होत नाही. आज्ञा करता येते ती वागणुकीची. 'अगापे' हा प्रथम वागणुकीचा शब्द आहे, आणि हे लूकने सांगितलेल्या एका गोष्टीइतके स्पष्ट दुसरीकडे कोठेही होत नाही.

एक शास्त्री येशूला विचारतो, "माझा शेजारी कोण?" येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता, सुमारे १००० मीटरांचा ओसाड उतार. एका वाटसरूला लुटारू अर्धमेला करून टाकतात. याजक येतो, पाहतो, बाजूने निघून जातो. लेवीही तसेच करतो. मग एक शोमरोनी येतो. यहुदी व शोमरोनी यांचे वैर जुने होते. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी सत्ताधीशाने गरिज्जीम डोंगरावरील शोमरोन्यांचे मंदिर उद्ध्वस्त केले होते. हा शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीस आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, मालकाच्या हाती दोन दिनार ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन असे सांगतो. अखेरीस येशू प्रश्नच उलटवतो: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याला उत्तर द्यावे लागते, पण 'शोमरोनी' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाही; ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणतो.

येथे शेजार हा भिंतीला लागून असलेल्या घराचा नाही. शेजारी असतो असे नव्हे, तो व्हावे लागते. आणि तेही ज्याच्याशी पिढ्यांचे वैर आहे त्याचे. याच कसोटीवर आता आपले तीन ग्रंथकार पाहू.

'ख्रिस्तपुराण' राचोल येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टीच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचा पट आहे, आणि पतित मानवासाठी देव स्वतः देह धारण करतो, हा देवप्रीतीचा महिमा स्टीफन्स यांनी मोठ्या तोलाने गायिला आहे. परंतु हा ग्रंथ कोणत्या भूमीवर उभा आहे, हे आम्हां गोमंतकीयांना विसरता येत नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. इन्क्विझिशन त्याआधीच, १५६० मध्ये, गोव्यात आले होते. जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती वाचकांसाठी हे नवे पुराण रचिले गेले. ग्रंथात देव माणसाजवळ येतो. पण ज्याचे देऊळ पाडले गेले तो वाटेवरचा माणूस ओवीत शेजारी म्हणून येत नाही. येतो तो चुकलेला म्हणून. तरीही एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. दूर इंग्लंडात जन्मलेल्या या पाद्र्याने येथल्या लोकांची भाषा इतक्या जिव्हाळ्याने आत्मसात केली की तिच्यात त्याला पुराण रचिता आले. ग्रंथाच्या विषयात जो शेजार नाही, तो त्याच्या भाषेत आहे.

टिळकांची गोष्ट निराळी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर पुढे ते संतांच्या अभंगाकडे वळले, आणि ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हणून हाक मारली. देवप्रीतीला मराठी घर मिळाले ते येथे. मात्र अभंग ही मुख्यतः भक्त आणि देव यांच्यामधील वाणी आहे. तीत तिसऱ्या माणसाला उभे राहण्यास जागा थोडी. तुकोबांनी पीडितांना जवळ करणाऱ्यालाच साधू म्हटले, हे आम्ही विसरलो नाही. पण तेथेही ती साधूची ओळख आहे. ऐकणाऱ्याला वाटेत थांबविणारी घटना नाही. टिळकांना ही उणीव जाणवली असावी, असे आम्हांस वाटते. कारण १९१७ साली सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही एकत्र घेतले. जे अभंगात मावले नाही ते त्यांनी संस्थेत करू पाहिले.

आणखी एक भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. आपल्या संतपरंपरेतील भूतदया सर्वांभूती एकच देव पाहण्यातून येते: आधी दर्शन, मग सेवा. मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या प्रसंगी क्रम उलटा आहे. ज्यांनी भुकेल्यांस अन्न दिले, ते देवालाच दिले हे त्यांना ठाऊकच नव्हते. ऐकून ते चकित होतात. आधी सेवा, दर्शन मागाहून. दोन्ही वाटा थोर आहेत; परंतु दुसरीसाठी स्तोत्र पुरत नाही, वृत्तान्त लागतो.

तो वृत्तान्त लक्ष्मीबाईंनी लिहिला. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. आरंभीच वडिलांच्या त्या विलक्षण सोवळ्याचे चित्र आहे, जेथे बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही. त्या घरातील मुलगी पुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागते. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, हे तिला उमगते. आणि महत्त्वाचे म्हणजे १९०० साली राहुरीस झालेल्या बाप्तिस्म्याच्या आधीच उमगते. ती प्रथम शेजारी होते, ख्रिस्ती मागाहून होते. याविषयी ग्रंथात प्रवचन नाही, उलट पुष्कळसे हसू आहे. घरात कोण केव्हा राहावयास येईल याचा नेम नाही, हातातला पैसा दुसऱ्याच्या अडचणीला निघून जातो, आणि उरलेल्या संसाराचा मेळ बाईंनी घालावयाचा. पतीच्या औदार्याची थोरवी त्या नाकारीत नाहीत; पण त्याची किंमत स्वयंपाकघरात कोणी मोजली, तेही लपवीत नाहीत. परोपकाराची इतकी खरी जमाखर्चाची वही मराठीत क्वचितच आढळेल.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात आम्ही ही शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वर्गात हिंदू मुले होती, ख्रिस्तीही होती. गोष्टीचे तात्पर्य सांगण्याच्या तयारीत आम्ही असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला व म्हणाला, "सर, तो परत आला का? त्या उतारशाळेवाल्याचे पैसे मिळाले का?" मुले हसली, आम्हीही हसलो, आणि तास संपला. उत्तर मात्र दिले गेले नाही. पुढे 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना ध्यानात आले की प्रश्न अगदी नेमका होता. शोमरोनी आपल्या वाटेने निघून जातो. रात्रभर जखमीजवळ बसतो तो उतारशाळेवाला, आणि शुभवर्तमान त्याच्याविषयी पुढे काही बोलत नाही. लक्ष्मीबाईंचा ग्रंथ म्हणजे त्या उतारशाळेतून लिहिला गेलेला वृत्तान्त होय.

म्हणून आमचे मत असे की, देवप्रीती मराठीत ओवी-अभंगांनी आणली, तर शेजारप्रीती आणली ती एका अल्पशिक्षित बाईच्या गद्याने. 'ख्रिस्तपुराणा'चे देवनागरी रूप शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली आपल्या हाती दिले, त्यास आता बराच काळ लोटला. आमच्या शाळांतून त्या पुराणातील ओव्यांशेजारी 'स्मृतिचित्रे'तील पाने ठेवून दोन्ही एकत्र शिकविली जावीत. ज्या गावात देऊळ आणि चर्च यांच्या घंटा एकमेकींस ऐकू येतात, तेथील मुलांस शेजारी कोण हा प्रश्न निदान शाळेत तरी एकदा पडला पाहिजे.