‘सबर्बन वॉरियर्स’ : उपनगरातील उजवी चळवळ आणि स्थलांतरितांचे स्थानिक राजकारण – एक चिकित्सा

प्रस्तावना

राजकीय चळवळींच्या अभ्यासात ‘तळागाळातील संघटन’ हा शब्दप्रयोग बहुधा कामगार, शेतकरी आणि नागरी हक्कांच्या चळवळींसाठी वापरला जातो. उजव्या राजकारणाकडे मात्र नेते, देणगीदार आणि प्रचारयंत्रणा यांच्या अंगाने पाहिले जाते. इतिहासकार लिसा मॅकगिर यांच्या ‘सबर्बन वॉरियर्स’ (२००१) या ग्रंथाने ही सवय मोडली. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी या एकाच जिल्ह्याचा अभ्यास करून अमेरिकेतील नव-उजव्या चळवळीची मुळे त्यांनी उपनगरांतील दिवाणखान्यांत शोधली. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या प्रतिपादनाची चिकित्सा केली असून, त्याच जिल्ह्यात १९७५ नंतर आलेल्या स्थलांतरितांच्या राजकारणाच्या कसोटीवर ते कितपत टिकते, हे तपासले आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन

१९४० मध्ये सुमारे १ लाख ३० हजार लोकवस्ती असलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या १९७० पर्यंत १४ लाखांवर गेली. संत्र्यांच्या बागांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. शीतयुद्धकालीन संरक्षण उद्योगाने तेथे रोजगार आणला आणि त्यामागोमाग मध्य-पश्चिम व दक्षिणेकडील राज्यांतून सुशिक्षित, गौरवर्णीय मध्यमवर्ग आला. सरकारी संरक्षण खर्चावर समृद्ध झालेल्या याच वर्गाने सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध झेंडा उभारला. ही विसंगती मॅकगिर नेमकेपणाने दाखवतात.

रिचर्ड हॉफस्टॅटर, डॅनियल बेल आदी विचारवंतांनी अशा कार्यकर्त्यांना बदलत्या काळात प्रतिष्ठा गमावण्याच्या भयाने ग्रासलेले लोक ठरवले होते. मॅकगिर हे निदान नाकारतात. त्यांच्या मते हे लोक आधुनिकतेचे बळी नसून लाभार्थी होते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या जॉन बर्च सोसायटीच्या शाखा, चर्चमधील अभ्यासमंडळे, शेजारणींच्या कॉफी-बैठका आणि शाळा मंडळांच्या निवडणुका यांतून ही चळवळ वाढली. १९६४ मधील बॅरी गोल्डवॉटर यांचा प्रचार, १९६६ मधील रोनाल्ड रेगन यांची गव्हर्नरपदी निवड आणि १९६८-६९ मध्ये ॲनाहाइम येथील लैंगिक शिक्षणाचा वाद हे तिचे टप्पे होत. या दैनंदिन कामात गृहिणींचा वाटा किती मोठा होता, हे दाखवणे ही ग्रंथाची ठळक जमेची बाजू आहे.

मराठी वाचकाला येथे आणखी एक लाभ होतो. ‘पुराणमतवादी’ या प्रचलित प्रतिशब्दात जुनाटपणाचा निवाडा आधीच दडलेला असतो. ग्रंथातील अभियंते, डॉक्टर आणि पदवीधर गृहिणी या शब्दात मावत नाहीत. पारिभाषिक शब्द विश्लेषणाची जागा घेतो तेव्हा काय निसटते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शेजाराचा प्रश्न

मात्र कार्यकर्त्यांच्या विवेकशीलतेवर भर देताना ग्रंथातील एक दुवा सैल राहतो. ज्या शेजारामुळे हे संघटन शक्य झाले, तो शेजार घडला कसा? १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरांच्या व्यवहारातील वंशभेदाला मनाई करणारा कायदा निष्प्रभ करणारे १४ वे प्रस्ताव-कलम मोठ्या बहुमताने संमत केले. ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रीटमन विरुद्ध मल्की या खटल्यात घटनाबाह्य ठरवले. हा खटला याच जिल्ह्यातील सांता आना येथे भाड्याचे घर नाकारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय दांपत्याचा होता. मालमत्तेच्या हक्काची भाषा आणि वंशभेद यांचा संबंध मॅकगिर यांना मान्य आहे. परंतु कॉफी-बैठकीला कोण जमले याचे वर्णन जितके सविस्तर आहे, तितके त्या गल्लीत घर कोणाला मिळू शकले नाही याचे नाही. विश्वासाचे जाळे आणि बहिष्काराची भिंत ही येथे एकाच वास्तूची अंगे होती.

स्थलांतरितांची कसोटी

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले, त्या सुमारास व्हिएतनामी निर्वासितांची छावणी शेजारच्या कॅम्प पेंडलटन येथे उघडली. पुढे वेस्टमिन्स्टर आणि गार्डन ग्रोव्ह या शहरांत ‘लिटल सायगॉन’ वसले. वेस्टमिन्स्टरच्या नगर परिषदेवर १९९२ मध्ये टोनी लाम निवडून आले, तर २००४ मध्ये व्हॅन ट्रान राज्य विधानसभेत पोहोचले. दोघेही रिपब्लिकन. येथील साम्यवादविरोध केवळ पुस्तकांतून आलेला नव्हता. तो गमावलेल्या देशाच्या स्मृतीतून आला होता. १९९९ मध्ये एका दुकानदाराने हो चि मिन्ह यांचे चित्र लावले, तेव्हा ५३ दिवस निदर्शने चालली. त्यांपासून दूर राहिलेल्या लाम यांनाही रोषाला सामोरे जावे लागले. २००७ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाच्या पोटनिवडणुकीत दोन व्हिएतनामी रिपब्लिकन उमेदवारांतील अंतर एक आकडी मतांवर आले. टपाली मतदान पद्धतशीरपणे गोळा करणे हे दोघांच्याही यशाचे एक प्रमुख कारण होते. साधने ओळखीचीच होती: शेजार, धर्मस्थळ, दुकान आणि घरोघरी संपर्क.

याच पक्षाचा दुसरा चेहराही नोंदवला पाहिजे. १९८८ मध्ये स्थानिक रिपब्लिकन संघटनेने सांता आना परिसरातील लॅटिनोबहुल मतदान केंद्रांवर गणवेशधारी रक्षक उभे केले. पुढे त्यावरील दाव्यात तिला ४ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. बेकायदा स्थलांतरितांना सार्वजनिक सेवा नाकारणाऱ्या १९९४ च्या १८७ व्या प्रस्ताव-कलमाची मोहीमही याच जिल्ह्यातून उभी राहिली. त्यानंतर १९९६ मध्ये लॉरेटा सांचेझ यांनी रिपब्लिकन खासदार रॉबर्ट डॉर्नन यांचा ९८४ मतांनी पराभव केला. एकाच भूभागात एका स्थलांतरित समूहाला पक्षाने कार्यकर्ते म्हणून सामावून घेतले आणि दुसऱ्याला संशयित ठरवले. हा फरक ‘स्थलांतरित’ या एकाच कोटीने समजत नाही.

निष्कर्ष

मॅकगिर यांचे मूळ प्रतिपादन या कसोटीवर टिकते, किंबहुना विस्तारते. उजवे संघटन हे विशिष्ट वंशाच्या मानसिकतेचे फलित नाही. समान स्मृती, समान भय आणि नित्य भेटीगाठी जेथे एकत्र येतात तेथे ते उभे राहते. तथापि निष्ठा वारशाने आपोआप पुढे जात नाही. २०२४ मध्ये लिटल सायगॉनचा समावेश असलेल्या मतदारसंघात निर्वासितांचे पुत्र डेरेक ट्रान यांनी डेमोक्रॅट म्हणून कोरियन-अमेरिकन रिपब्लिकन खासदार मिशेल स्टील यांना ६५३ मतांनी हरवले. स्थलांतरितांना मतपेढी मानणारे डावे आणि उजवे असे दोन्ही सिद्धान्त येथे अपुरे पडतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अभ्यासकांनी या ग्रंथातून निष्कर्षांपेक्षा पद्धत घ्यावी: घोषणापत्राआधी बैठकीची नोंदवही वाचावी आणि त्या बैठकीत बोलावणे कोणाला नव्हते, हेही विचारावे.