मंडळी आणि मंदिर

ख्रिस्ती धर्मसंस्थेविषयी मराठीत लिहावयाचे तर प्रथम एका शब्दाची फोड करावी लागते. ‘चर्च’ हा शब्द इमारतीलाही लागू पडतो, संस्थेलाही आणि उपासकांच्या समुदायालाही. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी मात्र मूळ ग्रीक शब्दासाठी ‘मंडळी’ हा शब्द योजिला. ज्या शब्दाने आपण पाहुण्यांना हाक मारतो, आणि जुन्या पिढीतील गृहस्थ ज्याने स्वपत्नीचा उल्लेख करीत, तोच हा शब्द! त्यात भिंत नाही, कळस नाही, अधिकाराची उतरंड नाही; आहेत ती एकत्र आलेली माणसे. मूळ शब्दाचा अर्थही बोलावून जमविलेली सभा असाच आहे. ही निवड आम्हांस फार मार्मिक वाटते.

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांपुढे चर्च येते ते बहुधा इमारतीच्या रूपाने. दिल्लीत काश्मिरी गेटजवळ कर्नल जेम्स स्किनर याने बांधविलेले सेंट जेम्स चर्च १८३६ साली अर्पण झाले. राष्ट्रपती भवनाच्या परिसरातील कॅथीड्रल हेन्री मेड या वास्तुशिल्पज्ञाचे. दोन्ही वास्तू देखण्या आहेत; पण त्यांचा पूर्वेतिहास छावणीचा आणि सचिवालयाचा. सत्ताधाऱ्यांच्या सोयीसाठी उभारलेले मंदिर सत्ता गेल्यावर कोणाचे, हा प्रश्न तेथे उभे राहिले की सुचल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न मराठीत फार पूर्वी विचारला गेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे पोहोचलेल्या या कवीला परकी वेतनावर पोसलेली आणि परक्या रीतीने उपासना करणारी मंडळी आपली वाटेना. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांसही स्थान होते. ख्रिस्ताचा शिष्य होणे एवढीच अट. संस्थेची सीमारेषाच त्यांनी पुसावयास घेतली होती. टिळकांच्या काव्यावर विपुल लिहिले गेले, पण त्यांच्या या कृतीकडे आपल्या समीक्षेने कवीची लहर म्हणून पाहिले, ही आमची तक्रार आहे. अभंग वाचावयाचे आणि ज्या श्रद्धेतून ते उगवले तिची रचना दुर्लक्षावयाची, हा न्याय नव्हे.

तथापि दरबाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. एका पुरुषाच्या तेजावर उभा राहिलेला समुदाय त्या पुरुषाबरोबर मावळला. घटना, नियम, हिशेब यांचा आम्हां नोकरदारांना कितीही कंटाळा असो, पिढ्यान्‌पिढ्या काही चालवावयाचे तर त्यांच्यावाचून गत्यंतर नसते.

संस्थेच्या बाजूनेही हालचाल झालीच. १९४७ मध्ये मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले; युरोपातील भांडणांतून जन्मलेले पंथभेद येथे बव्हंशी विसर्जित करण्यात आले. नागपुरास सहा संप्रदाय एकत्र आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाजूस राहिले. रोमन कॅथलिकांत १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांतून उपासनेस वाट करून दिली. एवढे सर्व खरे. पण ही एकी वरच्या पातळीवरची. खाली जातीचे काय?

नगर जिल्ह्यात मिशनच्या मंडळीत आलेले बहुसंख्य लोक अस्पृश्य मानलेल्या समाजांतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्त्यांना नाही. शासनाच्या लेखी धर्मांतराने जात संपली. गावाच्या लेखी ती संपली नाही. आणि तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्त्यांची दफनभूमीही जातवार विभागलेली आढळली, म्हणजे मंडळीच्या लेखीही ती संपली नाही. सरकारकडे न्याय मागण्याचा मंडळीचा हक्क आम्हांस मान्य आहे. परंतु घरची दफनभूमी एक करावयास कोणत्या आदेशाची वाट पाहावयाची?

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. पती ख्रिस्ती झाल्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि तत्पूर्वीच जात देवाने नव्हे, माणसांनी निर्माण केली या निष्कर्षाप्रत त्या स्वतः येऊन पोहोचल्या होत्या. त्यांना तेथवर पोहोचविले ते कोणत्या ईश्वरविज्ञानाने नव्हे. सोवळे सांभाळून ख्रिस्ती पतीच्या घरी वेगळी चूल मांडणाऱ्या बाईने अन्न आणि पाणी यांच्याशी रोज घातलेल्या झगड्यातून तो निष्कर्ष निघाला. आपले वाचक या ग्रंथातील विनोदावर लुब्ध असतात, आणि तो आहेही तसाच. पण ज्या पानांवर ती वेगळी चूल विझते, ती पाने धर्मोपदेशकांच्या विद्यालयांत पाठ्य म्हणून लावावीत, अशी आमची सूचना आहे.