'प्रीती' आणि 'शेजारी' : दोन शब्दांचा सामाजिक अन्वय

बायबलमधील प्रेमविचाराची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा भक्तिमीमांसेच्या अंगाने होते. ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) रचनेचे तुकारामाशी असलेले नाते दाखवून दिले, की अभ्यासक थांबतात. नाते खरेच आहे. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची स्वतःचीच धारणा होती. परंतु त्यामुळे एक प्रश्न झाकला जातो. नव्या करारातील प्रेम ही निव्वळ भावावस्था नव्हे, ती आज्ञा आहे; आणि आज्ञा म्हटली की प्रेम करावयाचे कोणावर, हे ठरवावे लागते.

ग्रीक 'अगापे'चे लॅटिनमध्ये 'कारितास' झाले आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरात, पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, 'चॅरिटी'. मराठी बायबलात रूढ झाला तो 'प्रीती' हा शब्द. 'दया' वरून खाली वाहते, 'भक्ती' खालून वर जाते. 'प्रीती'त हा उंचसखलपणा नाही, म्हणून निवड मार्मिक म्हटली पाहिजे. मात्र मराठीत प्रीती 'जडते', 'बसते'. ती कोणाच्या सांगण्यावरून 'करीत' नाहीत. तिला आज्ञार्थ जोडताच, त्यातही वैऱ्याच्या संदर्भात, भाषेलाच एक अवघडलेपण येते. बायबली मराठी कृत्रिम असल्याचा आक्षेप आपण सवयीने घेतो. येथे ते अवघडलेपण अर्थाचाच भाग आहे.

खरी अडचण 'शेजारी' या शब्दाची आहे. मूळ ग्रीक संज्ञेचा अर्थ 'जवळचा' असा. पण अमरावती-अकोल्याकडील पारंपरिक खेड्याची रचना ध्यानात घेतली, तर जवळ कोणी राहावे हे जातीनेच ठरविलेले असते. महारवाड्यातील माणूस गावचा असतो, शेजारी नसतो. तेव्हा शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा अशा गावात स्वजातीपुरती पाळूनही पुरी झाल्यासारखी वाटू शकते! लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी माणसाचा दाखला नेमका याच पळवाटेवर बोट ठेवतो. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? याजक आणि लेवी जखमी माणसाला ओलांडून जातात, तुच्छ मानलेला शोमरोनी थांबतो. आणि येशू प्रश्न उलटवून विचारतो की या तिघांपैकी शेजारी झाला कोण. शेजारी आता प्रेमाचा विषय राहत नाही, तो कर्ता होतो.

वऱ्हाडातील वाचकाला येथे रिद्धपूर आठवावे. मोर्शी तालुक्यातील या गावी तेराव्या शतकात महानुभावांच्या आद्य मराठी गद्याची घडण झाली. त्या पंथात 'प्रेम' ही पारिभाषिक संज्ञा आहे : ते परमेश्वराने द्यावयाचे, जीवाने कमवावयाचे नव्हे. वरून लाभणाऱ्या प्रेमाची ही कल्पना ख्रिस्ती कृपाविचाराला कितीतरी जवळची. साम्य येथवरच. चक्रधरांच्या आचारधर्मात माणसांचा आणि स्थळांचा संग सोडावयाचा असतो, तर शोमरोन्याला वाटेतल्या माणसात गुंतावे लागते. तरीही गोविंदप्रभूंच्या लीळांत त्यांचा अस्पृश्यांच्या घरांतील मुक्त वावर दिसतो. सिद्धांतात जे नाही ते चरित्रात सापडते. केवळ सूत्रपाठावर विसंबणारी तुलना म्हणूनच अपुरी ठरते.

टिळकांच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि पुढचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला. पण आज्ञेची परीक्षा पाहावयाची ती लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त. १८९५ मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, नंतर एकत्र आल्या तेव्हाही सोवळे-ओवळे पाळीत राहिल्या. त्यांच्यातील बदलाचा निर्णायक क्षण उपासनेचा नाही, पाण्याचा आहे : कोणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे, हे त्यांनी ठरविले ते बाप्तिस्म्याच्या आधी. 'प्रीती'ची कोणतीही व्याख्या त्यांनी तेथे केलेली नाही.