गुळगुळीत झालेली पायवाट

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथची टेकडी औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. लोक तिला संजीवनी बेट म्हणतात. एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी या बेटावरील पायवाटा मोबाईलच्या जीपीएसने नोंदवल्या, वाटेवरील वनस्पतींच्या जागा टिपल्या आणि संगणकावर नकाशा तयार करून प्रदर्शनात मांडला. नकाशा देखणा होता. वाटा रेखीव, वळणे गोलाईदार. आम्हांला शंका आली ती तेथेच. टेकडी चढणारी पायवाट अशी नसते.

चौकशी करता समजले, की मूळ नोंद फार गिचमीड दिसत होती, म्हणून ती क्यूजीआयएस या विनामूल्य आज्ञावलीत ‘साफ’ केली. साफ करणे म्हणजे नेमके काय केले, हे मात्र कोणाला सांगता येईना. दोष विद्यार्थ्यांचा नाही. दोन कळा दाबल्या की काम होते, आणि आत काय घडले ते पडद्यावर दिसत नाही.

पहिली क्रिया सरलीकरणाची. डग्लस आणि पॉइकर यांनी १९७३ साली मांडलेली रीत त्यासाठी वापरतात. वाटेची दोन टोके सरळ रेषेने जोडायची आणि त्या रेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू शोधायचा. तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तर राखायचा आणि दोन्ही तुकड्यांवर हेच पुन्हा करायचे. मर्यादेत असेल तर मधले सारे बिंदू गाळायचे. नकाशातील रेघेचे बिंदू कमी करण्यासाठी ही रीत उत्तम आहे. चुका काढण्यासाठी ती नाहीच! झाडीखाली किंवा कड्यालगत उपग्रहाचा संदेश परावर्तित होऊन आला, तर एखादा बिंदू भलतीकडे पन्नास मीटर उडी मारतो. तो सर्वांत दूर असल्यामुळे ही रीत त्यालाच जपून ठेवते आणि त्याच्या शेजारचे खरे बिंदू गाळते.

दुसरी क्रिया गुळगुळीत करण्याची. ती प्रत्येक कोपरा छाटते. कोपरा जीपीएसच्या चुकीने झाला की वाट खरोखर तेथे वळली म्हणून, हे तिला कळत नाही. नागमोडी चढावरील वळणे अशा रीतीने आखडतात.

यात अंतराचाही घोळ होतो. समजा, आपण झाडाखाली दहा मिनिटे बसलो, फोनने दर पाच सेकंदांनी एक बिंदू नोंदवला आणि प्रत्येक बिंदू आधीच्यापासून तीन मीटर सरकला. १२० बिंदूंचे ३६० मीटर होतात, आणि आपण तर जागचे हाललोही नाही! अशा चुका अंतर वाढवतात, गुळगुळीतपणा ते घटवतो. दोन्ही मिळून आकडा बरोबर आला, तर तो निव्वळ योगायोग.

उंचीची गोष्ट निराळी. जीपीएस मूळात उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. नकाशावरील उंची समुद्रसपाटीपासून असते. लातूर परिसरात या दोहोंत सत्तर मीटरच्या आसपास फरक पडतो. फोनमधील आज्ञावलीने तो जमेस धरला नसेल, तर संपूर्ण टेकडी तेवढी खाली बसते, आणि कितीही घासूनपुसून ती वर येत नाही. सगळे बिंदू सारखेच चुकले, की रेघ अगदी स्वच्छ दिसते.

सफाई करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. बिंदू गाळताना कारण हवे. प्रत्येक बिंदूबरोबर वेळ नोंदलेली असते. लगतच्या दोन बिंदूंमधील वेग ताशी चाळीस किलोमीटर निघाला, तर चढण चढणारे मूल तसे धावलेले नाही हे उघड आहे. तीच वाट निरनिराळ्या दिवशी तीन-चारदा चालून रेघा एकमेकींवर ठेवाव्या. लागोपाठ चालून तितका उपयोग होत नाही, कारण थोड्या वेळातल्या चुका बहुधा एकाच दिशेला झुकतात.

आम्हांला सर्वांत जास्त खटकले ते वनस्पतींच्या बाबतीत. वाट गुळगुळीत होताना सरकली. वनस्पतींचे बिंदू होते तेथेच राहिले. डाव्या हाताला पाहिलेले झाड नकाशात उजवीकडे गेले. तेव्हा मुलांनी काय करावे? झाडे ओढून पुन्हा डावीकडे आणली! पुढील वर्षी तेच झाड टिकून आहे का, हे पाहायला जाणाऱ्याने कोठे शोधावे? (दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा प्रदर्शनात लावावी का, हा प्रश्नही आहेच; आमच्या मते लावू नये.)

मूळ नोंद एका पालकांच्या फोनमध्ये अजून आहे, असे शिक्षकांनी सांगितले. फोन बदलण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी, आणि ओढलेली झाडे तिच्यावरून परत जागी नेऊन ठेवावीत.