लिंगोचं गीत आणि बिननावाचा परधान

‘गोंडवाना’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचलाय. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकमेकांना चिकटलेले होते, तेव्हाचा तो भूखंड. त्याचं नाव मात्र आपल्या दाराशी जन्मलं. 19व्या शतकात भूशास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या खडकांच्या एका मोठ्या गटाला गोंडांच्या प्रदेशाचं नाव दिलं आणि ते जगभर गेलं. खुद्द गोंडांचं काय गेलं जगभर? एक गीत गेलं. आज त्या गीताबद्दल आणि ते ज्या पुस्तकात छापलं गेलं त्याबद्दल लिहितोय.

पुस्तकाचं नाव ‘पेपर्स रिलेटिंग टू द अबोरिजिनल ट्राइब्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’, साल 1866. लेखक रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी 1845मध्ये नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचार आणि शाळा हे त्याचं काम. पण खडक, जीवाश्म, शिलावर्तुळं, बोली यांचाही त्याला भारी नाद. 4 सप्टेंबर 1863ला टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. मागे राहिलेली हस्तलिखितं चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलनं संपादित करून छापली. त्यात जमातींवरचा अपुरा निबंध आहे, शब्दसंग्रह आहे, आणि पाच भागांचं लिंगोचं गीत आहे: मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत, सोबत इंग्रजी अर्थ.

आधी श्रेय देऊ. ज्या धर्मावर त्याचा विश्वास नव्हता, ज्यापासून लोकांना दूर न्यायला तो आला होता, त्याच धर्माचं गीत या माणसानं मूळ भाषेतल्या शब्दांसकट उतरवून ठेवलं. नुसता सारांश ठेवला असता तर आज आपल्या हाती त्याचं मत उरलं असतं. मूळ शब्द ठेवल्यामुळे आपण त्याच्याशी वाद घालू शकतो. माझ्या मते मिशनचा हा सगळ्यात मोठा वारसा, इमारतींपेक्षाही मोठा.

आता वाद घालू.

गीताची कथा थोडक्यात अशी. गोंड देव धवलगिरीवर राहतात, मिळेल ते खातात, अंघोळ करत नाहीत. त्यांचा वास महादेवाला सहन होत नाही. तो अंगाच्या मळातून एक खार तयार करतो. गोंड तिच्यामागे धावत गुहेत शिरतात, आणि महादेव दारावर शिळा लावतो. चौघं तेवढे निसटून काचीकोपा लोहगडला पोचतात. पुढे लिंगो जन्मतो, मारला जातो, पुन्हा जिवंत होतो, गुहेतल्यांना सोडवतो, त्यांची कुळं पाडतो, पूजा शिकवतो.

‘गोंड घाण म्हणून कोंडले गेले’ एवढंच सांगून हा भाग संपवता येतो, आणि तसं केलं की गीत हिंदू कथेच्या सावलीतलं, गोंडांना कमी लेखणारं वाटतं. महादेव, पार्वती, भस्मासुर ही नावं आहेतच. पण जरा पुढे वाचा. पार्वती जागी होते आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं. डोंगरावर आवाज नाही, आणि तो वासही येत नाही! माझे गोंड गेले कुठे, म्हणून ती तप करते. म्हणजे ज्या वासाची महादेवाला किळस येते, तोच वास पार्वतीला घर रिकामं झाल्याचं सांगतो. एका गीतात दोन नाकं आहेत. गाणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

पण हा गाणारा कोण? माझी खरी तक्रार इथे आहे. मुखपृष्ठावर हिस्लॉपचं नाव आहे, टेंपलचं आहे, दोघांचे हुद्देसुद्धा आहेत. गाणाऱ्याचं नाव तिथे नाही. नंतरच्या लेखनात हे गीत ‘हिस्लॉपचं’ म्हणून फिरतं, आणि सांगणारा होतो ‘नागपूरचा एक परधान’. परधान म्हणजे गोंडांची वंशावळ आणि देवकथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवणारा गायक. ज्याचा धंदाच नावं लक्षात ठेवायचा, त्याचंच नाव गेलं.

भूशास्त्रवाल्याला हे जास्त टोचतं. हिस्लॉपच्या जीवाश्मांमधली उभयचर प्राण्याची एक कवटी प्रसिद्ध आहे, ब्रॅकिऑप्स. तिच्या नोंदीत गावाचं नाव आजही आहे: मांगली. आमच्याकडे पहिला नियमच हा, की नमुना कुठून उचलला हे लिहिलं नसेल तर त्याची निम्मी किंमत गेली. कवटीला पत्ता मिळाला, कवीला नाही.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. पत्ता नसला की एका माणसाचं सांगणं ‘गोंडांचा धर्म’ होऊन बसतं. शहराजवळच्या परधानाची कथा आणि दूर जंगलातल्याची कथा सारखी असेलच असं नाही. एका नमुन्यावरून अख्ख्या खोऱ्याचा नकाशा काढू नये, हे हिस्लॉपला खडकांबाबत पक्कं ठाऊक होतं.

‘त्या काळी असंच चालायचं’ असं कुणी म्हणेल. पूर्णपणे खरं नाही. गोंडवानाच्याच दुसऱ्या तुकड्यावर, मध्य ऑस्ट्रेलियात, कार्ल स्ट्रेलो नावाचा लुथरन मिशनरी हर्मन्सबर्ग मिशनवर 1894पासून राहिला. त्यानं अरांडा लोकांच्या कथा आणि गीतं लिहून घेतली. तोही धर्मप्रचारकच. पण त्याला सांगणारे लोआतजिरा, त्माला अनोळखी उरलेले नाहीत. त्यानं कुटुंबांच्या वंशावळीही उतरवल्या. हे हिस्लॉपनंतर चाळीसेक वर्षांनी झालं, हे मान्य. तरी करता येत होतं, एवढं त्यातून दिसतं.

आता आपल्याकडे येऊ. सालेकसा तालुक्यातलं कचारगड 1 मे 1999पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं, आता गोंदियात आहे. माघ पौर्णिमेला तिथल्या गुहेपाशी अनेक राज्यांतले गोंड जमतात. मोतीरावण कंगाली (निधन 2015) यांच्या मांडणीत हीच ती गुहा. पण कथा वेगळी आहे. कोंडलेली असतात ती माता कली कंकालीची मुलं. शंभू हा गोंडांचाच. आणि सुटकेत हिरासुका पाटालीरचं संगीत, रायताड जंगो आणि पारी कुपार लिंगो यांचा वाटा. वासाची, किळसेची गोष्ट मध्यभागी नाही.

मग खरी कथा कोणती? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. 1866चं छापील म्हणून ते मूळ, असं नाही. कंगालींनी गोंडांच्या हाती त्यांची कथा परत दिली, ते काम मोठंच. पण उद्या तीच एकमेव कथा ठरली, तर तिरोड्याच्या किंवा साकोलीच्या एखाद्या आजीची वेगळी कथा पुन्हा अशीच गळून पडेल.

म्हणून हिस्लॉपचं पुस्तक वाचा, जुनं असल्यानं इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी अर्थावर थांबू नका. गोंडी जाणणारं कुणी शेजारी असेल तर रोमन ओळी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा आणि कुठे अडतं ते विचारा. आणि तुमच्या गावात लिंगोचं गाणारं कुणी असेल, तर त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, कुणाकडून शिकले आणि तारीख, हे त्यांच्याच आवाजात घ्या. रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या घरी ठेवा.