मुकी वाद्ये

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते सार्थच आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, कोरीव दरवाजे, वाद्ये जमविली. अकाली गेलेल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. नजर कवीची, म्हणूनच ती माजघरापर्यंत पोहोचली.

अडकित्ता पाहिला की पानसुपारीची बैठक डोळ्यांपुढे उभी राहते. समई न पेटवताही बोलते. वाद्यांच्या दालनात मात्र मी असमाधानी राहतो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची नक्षी डोळ्यांना दिसेल, पण जवारी कानांनाच कळते. अबोल वाद्य म्हणजे नुसते सुरेख लाकूड!

जुन्या लाकडावर तारांचा ताण घालणे धोक्याचे, हे मान्य. मग त्याच घाटाचे नवे वाद्य मिरजेच्या कारागिरांकडून करवून शेजारी का ठेवू नये? सुटीत मुलांना तेथे न्याल, तेव्हा ती विचारतीलच, “हे वाजतं कसं?” त्या प्रश्नाचे उत्तर पाटीवरच्या चार ओळींनी नव्हे, तारेने द्यावे.